रियाज झाला, तालीम राहिली: घरच्या रेकॉर्डिंगची गोष्ट

हा आमच्या ताज्या भागाचा लिखित मजकूर. ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी, आणि ऐकून झाल्यावर नावं-सालं परत बघायची असतील त्यांच्यासाठीही. बोलताना जसं बोललो तसंच बरंचसं ठेवलंय.



आज सुरुवात माझ्या फजितीपासून. मागच्या वर्षी मी एक गाणं रेकॉर्ड केलं. घरीच. पंखा बंद, खिडकीला गोधडी, मांडीवर गिटार, समोर लॅपटॉप. मुखड्याचं स्ट्रमिंग वाजवलं, चुकलं, अनडू. परत वाजवलं, चुकलं, अनडू. तासाभराने चार ओळींचा एक बरा तुकडा मिळाला. तो कॉपी केला आणि गाण्यात जिथे जिथे मुखडा येतो तिथे चिकटवून टाकला. अंतऱ्याचंही तसंच. लीडचा पार्ट तर सात तुकडे जोडून केला. गाणं झालं, मित्रांना पाठवलं, सगळ्यांनी हार्ट टाकले.

दोन महिन्यांनी एका मित्राच्या गच्चीवर आम्ही जमलो होतो. कुणीतरी माझ्या हातात गिटार दिली आणि म्हणालं, "तुझं ते गाणं वाजव ना." आणि मंडळी, मला ते येत नव्हतं. माझंच गाणं! मुखड्यातून अंतऱ्यात जायचा बदल मी सलग कधी वाजवलाच नव्हता. तो माऊसने केला होता.

मी रोज गिटार वाजवतो. रियाज होता. मग अडलं कुठे?

या प्रश्नाच्या मागे लागलो आणि थेट १९४० च्या दशकात जाऊन पोचलो. कारण घरात बसून एकट्याने एकावर एक पार्ट रेकॉर्ड करणं ही काही आपल्या पिढीची आयडिया नाही. ज्यांनी हे सुरू केलं त्यांच्याकडे अनडू नव्हतं. मग ते काय करायचे?

दोन शब्द आणि त्यातला फरक

आधी मिनिटभर मुंबईत थांबू. आपल्या मराठीत सरावासाठी दोन वेगवेगळे शब्द आहेत. रियाज आणि तालीम. रियाज रोजचा. गळा, बोटं, सूर तयार ठेवायला. त्याला शेवट नसतो. तालीम मात्र ठरावीक गोष्टीची असते. नाटकवाले म्हणतात ना, "तालमीला चाललोय." तालीम अमुक नाटकाची, अमुक प्रवेशाची. कुठून यायचं, कुठे थांबायचं, समोरच्याचं वाक्य संपायच्या आत तोंड उघडायचं नाही, हे सगळं तालमीत ठरतं. शास्त्रीय संगीतात गुरूकडून तालीम घेतात, तो अर्थ वेगळा. आज मी नाटकातली तालीम म्हणतोय.

आता जुनी हिंदी फिल्मी गाणी घ्या. पन्नास-साठच्या दशकांत गायक आणि अख्खा ऑर्केस्ट्रा एकत्र, एकाच वेळी रेकॉर्ड व्हायचा. वांद्र्याचा मेहबूब स्टुडिओ किंवा ताडदेवचं फिल्म सेंटर डोळ्यांसमोर आणा. कित्येक व्हायोलिनवाले, बासरी, तबला, ढोलक, गिटार, आणि माईकसमोर गायक. वादकांत गोव्याची मंडळी भरपूर. सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे गोव्याचे अरेंजर प्रत्येक वाद्याचा पार्ट स्टाफ नोटेशनमध्ये लिहून समोर ठेवायचे. गाणं संपत आलं आणि एकाची नोट घसरली, की सगळ्यांनी परत पहिल्यापासून. त्यामुळे रेकॉर्डिंगआधी रिहर्सल व्हायचीच. ती टाळायची सोयच नव्हती. शंभर डोळे तुमच्याकडे बघताहेत म्हटल्यावर कोण पार्ट न बसवता येईल?

पण घरात एकटा माणूस असला तर? डोळे नाहीत, अरेंजर नाही, स्टुडिओचं भाडं चढत नाही. त्याची तालीम कोण घेणार? इथून आपली गोष्ट अमेरिकेत जाते.

गॅरेजमधला माणूस

लेस पॉल. हे नाव तुम्ही गिटारच्या डोक्यावर वाचलं असेल. गिब्सन लेस पॉल. पण हा आधी माणूस होता. जन्म १९१५, विस्कॉन्सिन राज्यातलं वॉकेशा गाव. गिटार तुफान वाजवायचा, आणि दुसरा नाद म्हणजे यंत्रं खोलून बघायचा.

तो एक किस्सा स्वतःच सांगायचा. त्याच्या आईने रेडिओवर गिटार ऐकली आणि मुलाला म्हणाली, छान वाजवलंस. हा म्हणाला, अगं तो मी नव्हतोच. तेव्हा आईने सुनावलं, की मग तुझं वाजवणं वेगळं ओळखू यायला हवं. हे त्याच्या मनाला लागलं. हॉलिवूडमधल्या घराच्या गॅरेजमध्ये त्याने स्वतःचा स्टुडिओ उभा केला आणि तिथे कोंडून घेतलं.

१९४८ मध्ये त्याची 'लव्हर' नावाची रेकॉर्ड आली. तिच्यात गिटारचे आठ पार्ट आहेत आणि आठही याचेच. टेप त्याच्याकडे अजून आलेली नव्हती. मग केलं कसं? तबकड्यांवर. पहिला पार्ट एका तबकडीवर कापायचा. ती वाजवायची, तिच्यासोबत दुसरा पार्ट वाजवायचा, आणि दोन्ही मिळून दुसऱ्या तबकडीवर कापायचे. मग ती लावून तिसरा. असं आठ वेळा. सहाव्या पार्टला चूक झाली तर ती तबकडी फुकट.

त्यात आणखी एक गंमत. काही पार्ट त्याने मशीन निम्म्या वेगाने चालवून रेकॉर्ड केले. मग पूर्ण वेगाने लावले की सूर एक सप्तक वर जातो आणि लय दुप्पट होते. ऐकणाऱ्याला वाटतं, माणूस आहे की कोण! पण वाजवणाऱ्याच्या बाजूने विचार करा. आत्ता हाताखाली जे संथ वाजतंय ते दुप्पट वेगात कसं ऐकू येईल, हे आधीच डोक्यात हवं. तारेवर बोट हलवून सुराला कंप दिला तर तोही दुप्पट वेगाने थरथरणार. म्हणजे तो मुद्दाम संथ द्यायचा. रोजच्या रियाजात हे येत नाही. हे त्या एका गाण्यासाठी, त्या एका पार्टसाठी बसवावंच लागतं.

त्याच वर्षी, जानेवारीत, ओक्लाहोमात त्याच्या गाडीला भीषण अपघात झाला. उजव्या कोपराचा चुराडा. कोपर पुन्हा वाकणार नाही हे कळल्यावर त्याने डॉक्टरांना सांगितलं, की हात असा वाकवून पक्का करा की गिटार धरता येईल. आणि तसाच तो बसवला. पुढची सगळी गाजलेली गाणी त्या न वाकणाऱ्या कोपराची आहेत.

एक चूक आणि सगळं पाण्यात

१९४९ मध्ये गायक बिंग क्रॉस्बीने त्याला अँपेक्स कंपनीचं टेप मशीन दिलं. मॉडेल ३००. अशा मशीनवर तीन हेड असतात. एक पुसणारं, एक रेकॉर्ड करणारं, एक वाजवणारं. लेस पॉलने म्हटलं, चौथं बसवू. ते सगळ्यांच्या आधी, पुसणाऱ्या हेडच्याही आधी.

आता टेप पुढे सरकते तेव्हा काय होतं बघा. चौथं हेड जुना आवाज वाचतं. लगेच पुढचं हेड तो टेपवरून पुसतं. आणि त्याच्या पुढचं हेड, वाचलेला जुना आवाज अधिक लेस पॉल आत्ता वाजवतोय तो नवा आवाज, असे दोन्ही मिसळून त्याच टेपवर लिहितं. एक मशीन, एक टेप, हवे तितके पार्ट. मशीन सोबत घेऊन फिरता येत होतं, त्यामुळे हॉटेलच्या खोलीतही स्टुडिओ तयार.

पण यातली मेख कळली का? जुना आवाज पुसला गेलाय. कायमचा. पाच पार्ट सुंदर झाले आणि सहाव्यात बोट घसरलं, तर फक्त सहावा गेला असं नाही. सहाच्या सहा गेले. परत पहिल्यापासून.

दुसरी अडचण अशी, की दर फेरीला जुना आवाज जरा मळतो. खरखर वाढते, धार कमी होते. पहिल्यांदा वाजवलेला पार्ट सगळ्यात जास्त वेळा मळणार. म्हणून जे पार्ट मागे राहून चालतील ते आधी, आणि मुख्य गोष्टी शेवटी, असा क्रम ठेवावा लागे. म्हणजे पहिली नोट वाजवायच्या आधी अख्खं गाणं डोक्यात पूर्ण हवं. कोणता पार्ट कुठे मोकळी जागा सोडणार, त्या जागेत नंतर कोण येणार, सगळं. आपण उलटं करतो. आधी काहीतरी वाजवतो आणि मग बघू म्हणतो.

आणि हे सगळं लेस पॉल एकटा करत नव्हता. त्याच्यासोबत होती मेरी फोर्ड. आधी सोबतची गायिका, १९४९ च्या शेवटी बायको. तिचं नाव मागे पडतं, पण या पद्धतीत निम्मा धोका तिच्या गळ्यावर होता. ती स्वतःच्याच आवाजावर हार्मनी गायची. एकदा गायलेली ओळ दुसऱ्या सुरात, मग तिसऱ्या सुरात. आणि प्रत्येक वेळी शब्द तिथेच सुरू, तिथेच बंद. शेवटचं 'स' किंवा 'ट' एका आवाजात जरा उशिरा आलं तरी कानाला टोचतं. करून बघा एकदा फोनवर. पहिल्या ओळीचा श्वास कुठे घेतला होता हेच आठवत नाही. मेरीला आठवावंच लागायचं.

जानेवारी १९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या त्यांच्या घरात या दोघांनी 'हाऊ हाय द मून' रेकॉर्ड केलं. थरावर थर, गिटार आणि गळा. ते अमेरिकेत नऊ आठवडे पहिल्या नंबरवर राहिलं. आज ऐका. दोन मिनिटांचं गाणं आहे, इतकं हसतखेळत चाललंय की वाटतं, सहज वाजवलंय. सहज वाटतंय कारण चुकायची मुभाच नव्हती.

वेगळे ट्रॅक, मोठी सुटका

१९५७ मध्ये अँपेक्सने लेस पॉलला आठ ट्रॅकचं मशीन बनवून दिलं. किंमत दहा हजार डॉलर, त्या काळातले. लोक त्याला ऑक्टोपस म्हणायचे. यात एकाच टेपवर आठ वेगळ्या पट्ट्या. सातवा चुकला तर फक्त सातवा पुन्हा. बाकी सहा जागच्या जागी.

ही केवढी सुटका होती! पण दहा हजार डॉलर कुणाकडे? सत्तरच्या दशकात चार ट्रॅकची रीळवाली मशीन जरा आवाक्यात आली. आणि १९७९ मध्ये जपानी टीॲक कंपनीने खरी क्रांती केली. पोर्टास्टुडिओ १४४. टेबलावर मावणारा डबा. आत साधी कॅसेट, तीच आपल्या घरातली. त्या कॅसेटवर चार ट्रॅक, आणि शेजारीच छोटा मिक्सर.

आवाज बरा यावा म्हणून त्यात कॅसेट दुप्पट वेगाने फिरायची, आणि चारही ट्रॅक एकाच दिशेने. म्हणजे साठ मिनिटांच्या कॅसेटवर जेमतेम पंधरा मिनिटं. मंडळी, आज आपण नुसता सूर लावताना पंधरा मिनिटं रेकॉर्डिंग चालू ठेवतो!

चार ट्रॅक पुरायचे नाहीत. मग काय, तीन ट्रॅक भरायचे, तिन्ही मिसळून चौथ्यावर उतरवायचे, आणि पहिले तीन पुसून मोकळे करायचे. याला बाउन्स म्हणतात. बाउन्स झाला की ते तीन पार्ट एकमेकांना कायमचे चिकटले. बेस कमी करू, गिटार वाढवू, आता जमणार नाही. लेस पॉलचीच मेख, फक्त लहान झालेली.

आणि पंच-इन. ट्रॅक चांगला झालाय, मधली एक ओळ फसलीय, तर तेवढ्या ओळीपुरतं रेकॉर्ड बटण दाबायचं आणि सोडायचं. सोडायला अर्धा सेकंद उशीर झाला की पुढची चांगली ओळही पुसली. म्हणून पुढच्या काही मॉडेलवर, जसं की पोर्टास्टुडिओ ४२४, एक खास बटण आलं. कुठे आत यायचं, कुठे बाहेर पडायचं हे मशीनला सांगून ठेवायचं आणि ते बटण दाबून वाजवत राहायचं. मशीन सगळं खरं असल्यासारखं वागणार, पण टेपवर काही लिहिणार नाही. त्या बटणाचं नाव होतं रिहर्सल.

म्हणजे बघा, घरातल्या एकट्या माणसाला तालीम घ्यायला कुणी नाही, हे यंत्र बनवणाऱ्यांनाही कळलं होतं. त्यांनी तालमीचं बटणच दिलं.

तालमीचीच कॅसेट रेकॉर्ड होते तेव्हा

आता तुमच्यातला कुणीतरी म्हणेल, हे काय, इतकं घोटून घोटून वाजवलं तर जान जाणार ना? अगदी बरोबर प्रश्न आहे. त्याचं उत्तर न्यू जर्सीतल्या एका बेडरूममध्ये आहे.

जानेवारी १९८२. ब्रूस स्प्रिंगस्टीन तेव्हा मोठा स्टार झालेला होता. स्टुडिओत वेळ आणि पैसा फार जातो म्हणून त्याने ठरवलं, की आधी घरी गाणी रेकॉर्ड करून बँडला ऐकवू. कोल्ट्स नेकमधल्या भाड्याच्या घरात त्याच्या गिटार तंत्रज्ञाने एक पोर्टास्टुडिओ १४४ आणून लावला. दोन साधे माईक. बहुतेक गाणी ३ जानेवारीला रेकॉर्ड झाली. पद्धत सोपी. गिटार आणि आवाज एकाच वेळी, दोन ट्रॅकवर. उरलेल्या दोनांवर जरुरीपुरतं काहीतरी, दुसरी गिटार, माउथ ऑर्गन, हार्मनी. मग ते सगळं एका पॅनासॉनिकच्या कॅसेट प्लेअरवर उतरवलं. तो प्लेअर एकदा पाण्यात पडून वाचलेला होता!

ती कॅसेट, कव्हरशिवाय, तो खिशात घेऊन फिरत होता. बँडसोबत स्टुडिओत तीच गाणी करून पाहिली. पण त्या कॅसेटवरचं जे होतं ते तिथे येईना. शेवटी ती कॅसेटच अल्बम झाली. 'नेब्रास्का', सप्टेंबर १९८२. २०२५ मध्ये या काळावर सिनेमाही आला.

म्हणजे जी कॅसेट तालमीसाठी होती तीच रेकॉर्ड झाली. मग माझं सगळं म्हणणं कोसळलं की काय?

मला तसं वाटत नाही. गिटार आणि आवाज एकत्र रेकॉर्ड केलाय, हे विसरू नका. गिटारच्या माईकमध्ये आवाज शिरतो, आवाजाच्या माईकमध्ये गिटार. तुकडे जोडायला वावच नाही. प्रत्येक गाणं पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एका दमात यायलाच हवं. स्प्रिंगस्टीनचे सूर तिथे चकाचक नाहीत, खोलीचा आवाज येतो, पण गाणं कुठे चाललंय हे गाणाऱ्याला पक्कं माहितीये. लेस पॉल प्रत्येक नोट बसवायचा. याने गोष्ट बसवली होती. दोघांचीही तालीम झालेली होती.

आणि मग अनडू आलं

१९९६ मध्ये रोलँडने व्हीएस-८८० आणला. घरगुती डिजिटल रेकॉर्डर, टेप नाही, हार्ड डिस्क. आठ ट्रॅक, प्रत्येकाच्या पोटात आणखी आठ पर्यायी, म्हणजे चौसष्ट. आणि ९९९ वेळा मागे जायची सोय. २००४ मध्ये गॅरेजबँड आलं. आज ते सगळं फोनमध्ये.

मी याविरुद्ध नाही हं. चाळीत राहणारा मुलगा आज उशी तोंडावर धरून अल्बम करू शकतो, हे थोर आहे. लेस पॉलला फोन दिला असता तर त्याने रात्रभर खाली ठेवला नसता. पण एक गोष्ट नकळत झाली. आधी यंत्र तालीम सक्तीची करायचं. आता ते म्हणतं, तू वाजव, चुकलास तर मी आहे. आणि आपण गाणं शिकायच्या आधीच रेकॉर्ड करायला बसतो. मग हातात रेकॉर्डिंग येतं, गाणं येत नाही. माझं गच्चीवर झालं ना, अगदी तसं.

त्यानंतर मी माझ्यासाठी काही सवयी लावल्या. सांगतो, पटल्या तर घ्या.

पहिली, लॅपटॉप उघडायच्या आधी अख्खा पार्ट मेट्रोनोमवर सलग तीनदा, न थांबता. चुकलं तरी थांबायचं नाही, कारण चुकीतून परत लयीत येणं हाही तालमीचाच भाग आहे.

दुसरी, फक्त सांधे वेगळे काढून बसवायचे. मुखड्याची शेवटची मात्रा आणि अंतऱ्याची पहिली, एवढंच, वीस वेळा. आपण चुकतो ते नव्वद टक्के इथेच. हा माझा अंदाज, पण घरी मोजून बघा.

तिसरी, दुसरा पार्ट बसवताना पहिला ऐकत बसवायचा. एकटा छान वाजणारा लीड गाण्याच्या ओळीवर चढून बसतो, हे एकत्र ऐकल्याशिवाय कळत नाही. मेरी फोर्डसारखा श्वास कुठे आहे तो कागदावर लिहून ठेवायचा.

आणि चौथी, मला सगळ्यात जड गेलेली. प्रत्येक पार्टला चारच टेक. पाचवा नाही. चारात नाही आलं तर रेकॉर्डिंग बंद, परत तालीम.

ते गाणं मी या पद्धतीने पुन्हा रेकॉर्ड केलं. तीन आठवडे बसवायला गेले आणि एक संध्याकाळ रेकॉर्ड करायला. दुसऱ्या अंतऱ्यात एक तार जरा जास्त वाजलीय. ठेवलीय तशीच. जुनी आवृत्ती तिच्यापेक्षा स्वच्छ आहे, खोटं कशाला बोलू. पण परवा त्याच गच्चीवर मी ते गाणं वाजवलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. कुणी हार्ट टाकले नाहीत. दुसऱ्या मुखड्याला दोघं-तिघं सोबत गायला लागले.

तर मंडळी, आज 'हाऊ हाय द मून' आणि 'नेब्रास्का' दोन्ही ऐका, हेडफोन लावून. पहिल्यात थर मोजायचा प्रयत्न करा, दुसऱ्यात खोली ऐका. आणि तुमचं स्वतःचं एखादं गाणं असेल ना, फोनमध्ये पडलेलं, ते आज रात्री रेकॉर्डिंग न लावता एकदा सलग वाजवून बघा. कुठे अडलात ते आम्हाला कळवा.

पुढच्या भागात भेटू. तोवर, सूर जुळवून ठेवा!